समुद्र एकाला नेई, बोट दोघांना नेते



लग्नसराई आटोपत आली की नव्या जोडप्यांच्या फिरायला जाण्याच्या गोष्टी घरोघर निघतात. पूर्वी महाबळेश्वर, माथेरान, फार तर गोवा. आता पोरं मोबाइलवर बोटीची सहल दाखवतात. तीन-चार दिवसांचा प्रवास, जेवण-झोप बोटीवर, दिवसा बेट बघायचं, संध्याकाळी परत बोटीवर. घरातली आजी म्हणते, "पान्यात कायले जाता रे पोरंहो? जमिनीवर जागा नाही काय?" पोरं हसतात. आम्हांला मात्र वाटतं, आजीच्या भीतीला इतिहास आहे आणि पोरांच्या हौसेलाही आहे. आज तोच सांगायचा आहे.

आपल्या वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोल्याहून मुंबई रेल्वेनं जवळजवळ सहाशे किलोमीटर. आपल्या बाळापूरला पाण्यानं वेढलेली जागा म्हणजे किल्ला. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मध्ये, उंचवट्यावर तो उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह यानं काम सुरू केलं आणि १७५७ मध्ये एलिचपूरच्या इस्माईलखानानं ते पुरं केलं. दोन्ही नद्यांना पूर आला की एक बाजू सोडून किल्ल्याभोवती पाणीच पाणी होई. आपलं बेट म्हणायचं तर एवढंच, तेही पावसाळ्यापुरतं.

वऱ्हाडातून समुद्रापार जायचा तो कापूस. १८६० नंतरच्या दशकात रेल्वे आली आणि आपल्या शेतातल्या गाठी मुंबई बंदरातून विलायतेला जाऊ लागल्या. ज्या हातांनी तो वेचला, त्या बायकांनी समुद्र पाहिला नाही. बाईच्या प्रवासाला कारण लागे. माहेर, देव, नाहीतर दवाखाना. पंढरपूरची वारी झाली, शेगावला जाऊन आलं, की पुष्कळ.

आणि समुद्रावर जायला तर धर्माचीच आडकाठी होती. कलियुगात ज्या गोष्टी करू नयेत म्हणून शास्त्रकारांनी सांगितल्या, त्यांत समुद्रप्रवासही होता. विलायतेहून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे, नाहीतर जातीची पंगत बंद. पुरुषाची ही गत, तर बाईचं विचारायलाच नको.

तरी एक बाई गेली. आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीनं ती अमेरिकेला निघाली, तेव्हा नुकती अठरा वर्षांची झाली होती. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला. तिनं डॉक्टर व्हावं हा ध्यास त्यांचा, पण बोटीवर ती एकटी, आणि गोपाळराव मागं राहिले. दोन वर्षांनी ते अमेरिकेला पोचले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. परतीचा समुद्र दोघांनी जोडीनं ओलांडला, पण तोवर क्षयानं त्यांना पोखरलं होतं. नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. नवरा-बायकोचा एवढा लांबचा एकत्र प्रवास झाला, तो एकीच्या आजारपणात.

बेटाची गोष्ट निघाली की अंदमान आठवतंच. आज तिथं नवी जोडपी फोटो काढायला जातात. शंभर वर्षांपूर्वी 'काळं पाणी' म्हटलं की बायांच्या पोटात गोळा येई. सावरकर घराण्यातले दोन भाऊ तिथल्या सेल्युलर जेलमध्ये होते, थोरले बाबाराव आणि १९११ पासून विनायकराव. विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई १९१९ मध्ये धाकटे दीर डॉ. नारायणराव यांच्याबरोबर बोटीनं तिथं गेल्या. आठ वर्षांनी नवऱ्याची गाठ पडली, तीही तुरुंगात. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी मात्र नवऱ्याला भेटू शकल्या नाहीत. त्या भेटीच्या थोडं आधीच त्यांनी डोळे मिटले होते. तिकडं बाबाराव वाट बघत होते. एका घरातल्या दोन जावा आणि एकच समुद्र. एकीला त्यानं पलीकडं जाऊ दिलं, दुसरीला नाही.

आता कोकणाकडं या. कोकणातल्या बाईला समुद्र दारातच होता, पण तिच्या वाट्याला तो कसा आला? नवरा मुंबईच्या गिरणीत, ती गावी सासूसासऱ्यांजवळ. आगबोट त्याला घेऊन जाई. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत या बोटी चालत. मोठी बोट बऱ्याच ठिकाणी किनाऱ्याला लागत नसे. भर पाण्यात थांबे आणि माणसं, ट्रंका, फणस, पोरं-बाळं पडावातून हिंदकळत काठावर येत. गणपतीला, शिमग्याला नवरा त्यातून उतरे आणि सण सरला की परत जाई. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. दुसऱ्या महिन्यात देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत सुतक नुकतंच फिटलं होतं. आजीची भीती आली ती अशी.

मग जोडीनं समुद्र ओलांडणारं वऱ्हाडात कोणीच नव्हतं का? होतं. हजला जाणारी जोडपी. आपलं बाळापूर नक्शबंदी खानकाहचं गाव, तिला तीनशेहून जास्त वर्षं झाली. बाईनं हजला जायचं ते नवऱ्याबरोबर किंवा जवळच्या नात्यातल्या पुरुषाबरोबर, अशी रीत. त्यामुळं आयुष्यभर एका गावात राहिलेले म्हातारा-म्हातारी एकत्र निघत. आगगाडीनं मुंबई, तिथं साबू सिद्दिक मुसाफिरखान्यासारख्या ठिकाणी मुक्काम, मग जहाजानं जिद्दा. कितीतरी दिवस पाण्यावर. मुंबई-जिद्दा ही जहाजाची वाट १९९५ पर्यंत चालू होती, पुढं सगळे विमानानं जाऊ लागले. वऱ्हाडात जोडीनं समुद्रावर जाण्याची सगळ्यांत जुनी वाट हीच, असं आम्हांला वाटतं. तीही देवाच्या कारणानं. नुसतं दोघांनी मिळून पाणी बघायला जायचं, ही गोष्ट फारच अलीकडची.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी अरबी समुद्रातली छोटी बेटं मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला, आणि १९७३ मध्ये त्याला लक्षद्वीप हे नाव मिळालं. एकंदर ३६ बेटं, वस्ती फक्त दहांवर, सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. आपल्याकडच्या दोन-चार गावांची शिवारं एकत्र केली तर एवढी होईल. कोचीपासून ही बेटं २२० ते ४४० किलोमीटरवर आहेत. तिथल्या सरकारी पर्यटन संस्थेनं 'समुद्रम्' नावाची पाच दिवसांची सहल काढली. जहाज कोचीहून निघतं. दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय ही बेटं दाखवतात आणि रात्री जहाजावर मुक्काम. प्रवाळाच्या कडेमुळं मोठं जहाज आत जात नाही, बाहेर थांबतं. माणसं लहान होडीत उतरून बेटावर जातात. म्हणजे कोकणातल्या पडावाचीच तऱ्हा, फक्त आता अंगावर सुरक्षा जाकीट असतं. मुंबईहूनही ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' ही एका रात्रीची गोव्याची बोट निघाली आणि सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया'च्या मोठ्या जहाजानं मुंबईकरांना गोवा, लक्षद्वीप दाखवायला सुरुवात केली. दोघांसाठी एक खोली, दोघांची नावं तिकिटावर.

त्या बेटांवर बघण्यासारखं पाणी तर आहेच, पण बायकांनी बघण्यासारखं आणखी एक आहे. तिथली घरं. लक्षद्वीपचे लोक बहुतेक सगळे मुसलमान आणि तरी घराणं चालतं आईच्या वंशानं. मराठी घरात वाढलेल्या, नागपूर विद्यापीठात शिकलेल्या लीला दुबे या अभ्यासक बाईंनी कल्पेनी बेटावरच्या या कुटुंबपद्धतीवर १९६९ मध्ये एक ग्रंथ लिहिला. तिथं मालमत्तेचे दोन प्रकार मानतात. घराण्याची ती 'शुक्रवारची'. ती आईकडून लेकीकडं जाते. स्वतः कमावलेली ती 'सोमवारची'. तिला इस्लामी वारसाहक्क लागू. लग्नानंतर मुलगी सासरी जात नसे. नवराच रात्री तिच्या घरी येई आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परते. आता ही रीत पुष्कळ सैल झाली आहे, पण ती मुळं गेलेली नाहीत. मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर खलाशी. महिनोन्‌महिने घर आणि गाव बायकाच चालवतात.

म्हणजे बघा. कोकणातल्या बाईचा नवरा समुद्रानं नेला, मिनिकॉयच्या बाईचाही नेला. पण एक सासरी मनीऑर्डरीची वाट बघत बसली आणि दुसरी आपल्या आईच्या घरात राहिली. नवरा परत आला नाही, तर एकीच्या डोक्यावरचं छप्परही डळमळे, दुसरीचं शाबूत राही. समुद्र दोघींना सारखाच होता. फरक पडला तो घर कोणाच्या नावावर यानं. आपल्या सात-बारावर, नमुना आठवर बाईचं नाव लावायला आपण किती चकरा मारतो ते आठवा, म्हणजे याची किंमत कळेल.

आणखी एक गोष्ट आपल्याला लगेच समजेल. खारं पाणी. आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या बायका. विहिरीला पाणी असून ते तोंडात घालवत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्या बेटांवरही वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर तेवढा असतो, उपसा जास्त झाला की खारं पाणी वर येतं. कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना सुरू झाला, दिवसाला एक लाख लिटरचा. तिथं फिरायला गेलेल्या जोडप्यानं बादलीभर पाणी वाचवलं, तर त्याची कदर बाळापूरच्या बाईइतकी कोणाला असणार?

जायचंच असेल तर थोडी तयारी. लक्षद्वीपला बाहेरच्या माणसाला परवाना लागतो, त्याची कागदपत्रं आधीपासून करावी लागतात. ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचे दिवस बरे, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. होडीत चढता-उतरता यावं असा पोशाख घ्या. बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी जवळ ठेवा. प्रवाळ तोडून आणू नका, त्याला कायद्यानं बंदी आहे. आणि कर्ज काढून जाऊ नका. बचत गटात महिन्याला थोडं थोडं टाकून दोन-तीन वर्षांनी गेलात तरी समुद्र कुठं जात नाही.

हे फक्त नव्या जोडप्यांसाठीही नाही. तीस वर्षं संसार केलेल्या, दोघांनी मिळून कुठं गेले तर लग्नाला नाहीतर मयतीला गेले, अशी कितीतरी जोडपी आपल्या गल्लीत आहेत. त्यातली बाई समुद्र पाहायचा म्हणाली, तर "कायले?" असं विचारू नका. इतकी वर्षं प्रत्येक प्रवासाला तिनं कारण दिलं आहे. एखाद्या प्रवासाला कारण नसलं तरी चालेल.