नगर व प्रादेशिक नियोजन : वाशीम जिल्हा

जमिनीचा वापर, रस्ते, पाणी आणि सार्वजनिक सोयी यांची पुढील काही दशकांसाठी आखणी करणे म्हणजे नगर व प्रादेशिक नियोजन. राज्यात त्याला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याचा आधार आहे. प्रादेशिक योजना विस्तृत क्षेत्राचा, तर विकास योजना एका शहराचा विचार करते. नगरपरिषद प्रारूप प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवते. अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते. खरा ताण आरक्षणांवर येतो. शाळा, बाग वा रस्त्यासाठी आरक्षित केलेली जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर विहित मुदतीतही हालचाल न झाल्यास आरक्षण संपते. नकाशावरची बाग अशी नकाशावरच राहते.

वाशीम, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, हे जुने शहर. जिल्हा मात्र १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील पाचांपैकी चारांहून अधिक लोक खेड्यांत राहतात, त्यामुळे येथे शहराइतकेच प्रादेशिक नियोजन महत्त्वाचे ठरते. जिल्हा जलविभाजकावर वसला आहे: काटेपूर्णा उत्तरेकडे तापी खोऱ्यात जाते, पैनगंगा व अडाण गोदावरी खोऱ्यात. उगमाकडील अशा प्रदेशात पाणी अडवण्याच्या जागा रस्त्यांच्या आधी ठरायला हव्यात. समृद्धी महामार्गाने कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव तालुक्यांतील जमिनींची मागणी बदलली आहे.