‘मागे सरून बसा’ : एका नियमाचा इतिहास

गेल्या जत्रेनंतर आमच्या देवस्थानच्या महाजनांची सभा भरली. हिशेब मंजूर झाला, आभार मानून झाले, आणि सभा उठण्याच्या बेतात असताना एका महाजनाने आपल्या वृद्ध मातोश्रींचा निरोप सभेपुढे ठेवला. जत्रेच्या रात्री चौकात पाय ठेवावयास जागा नसते. म्हणून ज्यांस गर्दीत उभे राहवत नाही, त्यांच्यासाठी अग्रशाळेच्या मोठ्या खोलीत ५५ इंची दूरचित्रवाणी संच लावून गर्भकुडीतील पूजा दाखविण्याची व्यवस्था केली होती. बाई शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून खुर्चीवर बसल्या होत्या. निरोप एवढाच होता : “देवाचें मुखामळ दिसलें ना, फकत दिवली दिसली.”

चौकशी केली तेव्हा निराळीच गोष्ट उघडकीस आली. खोली तीस फूट लांब. संचापुढील पहिली दहा फूट जागा स्वयंसेवकांनी दोरी बांधून मोकळी ठेविली होती. असे का केले, असे विचारता त्यांनी निःशंकपणे उत्तर दिले, “टीव्हीच्या जवळ बसू नये, डोळे बिघडतात.” उरलेल्या वीस फुटांत तरुण मंडळींनी पुढच्या जागा धरल्या आणि म्हातारी माणसे ओघानेच मागे गेली.

दोष स्वयंसेवकांचा नव्हता. तो नियम त्यांनी लहानपणापासून ऐकलेला होता. आम्हीही ऐकलेला आहे. आमच्या लहानपणी, १९८७ साली, रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले की शेजाऱ्यांच्या ओसरीपर्यंत माणसे दाटत, संचाला हार घातला जाई, आणि आम्ही मुले पुढे सरकलो की पाठीमागून हमखास आवाज येई, “फाटीं सर रे, दोळे इबाडटले!” परंतु आम्ही पेशाने वकील. एखादा नियम पुढे आला की तो केव्हा झाला, कोणत्या कारणासाठी झाला आणि ते कारण आज उरले आहे काय, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दूरचित्रवाणीच्या जन्मकाळी दूर बसण्याचा प्रश्नच नव्हता. २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये जॉन लोगी बेअर्ड यांनी आपले यंत्र विद्वानांस दाखविले, तेव्हा ते चित्र अवघ्या ३० रेषांचे व हाताच्या पंजात मावेल एवढे होते. ते पाहावयास डोळा जवळच न्यावा लागे. १९३६ साली बी.बी.सी.चे नियमित प्रक्षेपण सुरू झाले, आणि थोड्याच काळात ४०५ रेषांची पद्धत तेथे स्थिरावली. अमेरिकेने १९४१ साली ५२५ रेषा पत्करल्या. युद्धानंतर १९४६ साली तेथे जे संच घरोघर पोहोचू लागले, त्यांचा पडदा १० इंचांचा होता. चित्र लहान आणि कुटुंब मोठे, म्हणून त्या काळी पडद्यापुढे टांगावयाची मोठी भिंगे बाजारात विकली जात.

आपल्या देशात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस प्रयोग सुरू झाला, तो ६२५ रेषांच्या पद्धतीने. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र निघाले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचविण्याचा प्रयोग झाला. त्यासाठी लागणारे संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने तयार केले होते. एका संचापुढे सारा गाव बसे. शेवटच्या ओळीला काय दिसते हा प्रश्न आमच्या अग्रशाळेत प्रथमच उद्भवला असे नव्हे. ह्या देशात तो दूरचित्रवाणीइतकाच जुना आहे.

आता रेषांचे आणि अंतराचे नाते पाहू. हॉलंडमधील नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली अक्षरांचा तो प्रसिद्ध तक्ता केला, जो आजही प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर असतो. त्याच्या मुळाशी असलेले गृहीत असे, की निरोगी डोळ्यास एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखता येतो. दहा फुटांवरून हे माप सुमारे ०.९ मिलिमीटर भरते. चित्रातील दोन रेषांमधील अंतर ह्याहून अधिक दिसले तर रेषा वेगवेगळ्या दिसू लागतात व चित्र चाळणीतून पाहिल्यासारखे वाटते. कमी दिसले तर रेषा एकमेकींत मिसळतात, परंतु फारच कमी झाल्यास चित्रातील बारकावाही त्यांच्याबरोबर लोपतो. ह्या हिशेबातून एक सोपे सूत्र निघते : ३४०० ह्या संख्येला चित्रातील दृश्य रेषांच्या संख्येने भागावे. जो भागाकार येईल, चित्राच्या उंचीच्या तितक्या पट अंतरावर बसावे.

आपल्या ६२५ रेषांपैकी प्रत्यक्ष चित्रात सुमारे ५७५ येत. म्हणजे अंतर उंचीच्या सहापट. त्या काळच्या २० इंची संचातील चित्राची उंची एक फूट. तेव्हा बसावयाचे अंतर सहा फूट. ओसरीवरील वडीलधाऱ्यांनी गणित मांडले नव्हते, पण त्यांनी आम्हांस ज्या जागी ढकलले ती जागा बहुतांशी बरोबर होती.

नियमाला दुसरे एक कारण मिळाले ते भीतीचे. १९६७ साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या काही रंगीत संचांतून मर्यादेबाहेर क्ष-किरण निघत असल्याचे आढळले. संच परत बोलावून दुरुस्त करावे लागले, आणि १९६८ साली तेथील काँग्रेसने किरणोत्सर्गावर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. हे किरण उद्भवत ते जुन्या काचनळीतील उच्च दाबाच्या विजेमुळे. आजच्या चपट्या पडद्यांत ती नळीच नाही. विधिशास्त्रातील जुने सूत्र आहे, की कारण संपले म्हणजे नियमही संपतो. येथे दोन्ही कारणे संपली आहेत.

राहिला डोळे बिघडण्याचा मुद्दा. जवळून पाहिल्याने डोळे शिणतात हे खरे. परंतु त्याने दृष्टी कायमची अधू होते असे नेत्रवैद्य मानीत नाहीत. उलट जे मूल वारंवार पडद्याला चिकटून बसते, त्याला दूरचे दिसत नसण्याचा संभव असतो. आम्ही स्वतः त्यांपैकी एक. आम्हांस दोन वर्षे मागे सरावयास सांगितले गेले, आणि आम्ही पुनःपुन्हा पुढे सरकत राहिलो. अखेर शाळेत फळा दिसेना तेव्हा चष्मा लागला. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे मूल असेल तर त्याला मागे ओढण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत.

नवा नियम घडविण्याचे श्रेय मुख्यतः जपानला आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तेथील एन.एच.के. ह्या प्रक्षेपण संस्थेच्या संशोधकांनी निराळाच प्रश्न हाती घेतला. चित्र किती मोठे दिसले म्हणजे पाहणाऱ्यास आपण त्या स्थळी आहोत असे वाटते? डोळ्यापुढे सुमारे ३० अंशांचा कोन व्यापील इतके रुंद चित्र हवे, आणि ते उंचीच्या तिपटीवरून पाहिले तरी रेषा दिसू नयेत, ह्या दिशेने त्यांचे काम गेले. आजच्या १०८० रेषांच्या चित्राचे बीज ते होय. आमचे सूत्र लावून पाहा : ३४०० भागिले १०८० म्हणजे तीनच्या किंचित वर.

इकडे अमेरिकेत आर.सी.ए.च्या प्रयोगशाळेतील बर्नार्ड लेक्नर यांनी लोक घरात प्रत्यक्ष कोठे बसतात हे पाहिले. उत्तर आले, सुमारे नऊ फुटांवर. पडदा लहान असो की मोठा, माणसे बसतात ती खोलीच्या मांडणीप्रमाणे. म्हणजे अंतर आपण निवडीत नाही. ते भिंती निवडतात. आपल्या हाती निवड उरते ती पडद्याची, आणि तीच आपण बहुधा अंतर न मोजता करतो.

निवड करताना इंच म्हणजे काय हेही समजून घेतले पाहिजे. पूर्वी नळीचे तोंड गोल असे व तिचा व्यास हेच माप धरीत. पुढे पडदा चौकोनी झाला, तरी विक्रेत्यांनी व्यासाच्या जागी कर्ण धरला, कारण रुंदीपेक्षा तो मोठा भरतो. शिवाय काचेचा काही भाग पेटीच्या चौकटीखाली दडलेला असे. अखेर १९६६ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने नियम केला : जाहिरातीत माप द्यावयाचे ते दिसणाऱ्या चित्राचेच, आणि रुंदीऐवजी कर्ण सांगावयाचा असल्यास तसे स्पष्ट म्हणावे. २०१८ साली तो नियम रद्द झाला. कर्णाचा प्रघात मात्र जगभर रूढ आहे. आपल्याकडे खोक्यावर सेंटिमीटर छापतात, तोही कर्णच. १६ : ९ ह्या आजच्या आकारात चित्राची उंची कर्णाच्या निम्म्याहून किंचित कमी असते. ४३ इंची पडद्याची उंची २१ इंच, ५५ ची २७, ६५ ची ३२.

त्यावरून १०८० रेषांसाठी ४३ इंची पडद्यास साडेपाच, ५५ इंचीस सात आणि ६५ इंचीस साडेआठ फूट अंतर येते. ज्यास ‘फोर-के’ म्हणतात त्या चित्रात २१६० रेषा असतात. तेथे अंतर निम्मे झाले तरी चालते. दहा फुटांवर बसून ४३ इंची ‘फोर-के’ घेणाऱ्याने जादा रेषांचे पैसे मोजले, पण त्या रेषा त्याच्या डोळ्यापर्यंत पोहोचत नाहीत. जुन्या कार्यक्रमांची गोष्ट उलट. २०२० च्या टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा लागले तेव्हा नव्या मोठ्या पडद्यावर ते धूसर दिसते अशी तक्रार आम्ही अनेकांकडून ऐकली. संच निर्दोष होता. चित्र ५७५ रेषांचेच होते. ५५ इंची पडद्यावर त्याला तेरा-साडेतेरा फूट अंतर हवे. वडिलांचा नियम जुन्या चित्रापुरता अजून जिवंत आहे तो असा.

हे सर्व निरोगी डोळ्याचे झाले. ज्या डोळ्याची नजर नेत्रवैद्य सहा बटे बारा लिहितात, त्याला तोच बारकावा पाहण्यास निम्म्या अंतरावर यावे लागते. म्हातारपणी मोतीबिंदू उतरू लागला की असे डोळे घरोघर असतात. म्हणून वृद्धांचे स्थान पडद्याच्या जवळ, तरुणांचे मागे. आमच्या दोरीने नेमके उलटे केले होते.

सभागृहासाठी एक जुना ठोकताळा आहे : नुसते पाहावयाचे असेल तर शेवटची ओळ चित्राच्या उंचीच्या आठपटीपलीकडे नसावी, पडद्यावर आरतीचे शब्द वाचावयाचे असतील तर सहापटीपलीकडे. आमच्या ५५ इंची पडद्याची उंची सव्वादोन फूट. आठपट म्हणजे अठरा फूट, सहापट म्हणजे साडेतेरा. बाई बसल्या होत्या तीस फुटांवर, म्हणजे तेरापटीहून दूर. त्यांना देवाचे मुख दिसले नाही ही तक्रार नव्हती. ते मोजमाप होते, आणि अचूक होते.

आम्ही हा हिशेब सभेपुढे ठेविला. कोणी म्हणाले, मोठा पडदा घ्यावा. परंतु तीस फुटांसाठी सुमारे ९२ इंची पडदा लागेल, आणि तो खर्च देवस्थानास झेपणारा नाही. त्यापेक्षा आहे तसाच दुसरा संच खोलीच्या मध्यावर बाजूच्या भिंतीला लावला, तर मागची ओळही पंधरा-सोळा फुटांच्या आत येते. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीपासून फार उंच असू नये, नाहीतर माना अवघडतात. तेव्हा दोन्ही संच खाली घ्यावेत, हेही सुचविले.

सभेने तीन गोष्टी ठरविल्या. दुसरा संच घ्यावा. पहिल्या दोन ओळींतील खुर्च्या साठीपुढील मंडळींसाठी राखाव्यात. दोरी बांधू नये. तिसऱ्या ठरावास मात्र एका ज्येष्ठ महाजनांनी विरोध नोंदविला. डोळे बिघडतात, हे त्यांचे म्हणणे त्यांनी सोडले नाही. येत्या जत्रेस त्यांची खुर्ची पहिल्या ओळीतच मांडली जाईल.