मुख्य प्रवाह कोणता?

‘मुख्य प्रवाह’ हा शब्द मराठी समीक्षेत आपण सैलपणे वापरतो. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमविषयी बोलताना तर अधिकच. विंडोज म्हणजे मुख्य प्रवाह आणि लिनक्स म्हणजे काही हौशी मंडळींचा छंद, ही समजूत रूढ आहे. इतिहास पाहता ती फारशी टिकत नाही.

१९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा लहान संगणकांवर गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीचे राज्य होते. मायक्रोसॉफ्टने सिअॅटलमधील एका छोट्या कंपनीची प्रणाली विकत घेतली आणि ती डॉस या नावाने आयबीएमला पुरवली. आयबीएमच्या यंत्रासाठी डॉस ४० डॉलरला मिळे. सीपी/एमच्या नव्या आवृत्तीला २४० डॉलर मोजावे लागत. शिवाय इतर उत्पादकांना डॉस विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला होता. आयबीएमच्या धर्तीची यंत्रे बनवणारे वाढले, तशी डॉसही पसरली. पुढे विंडोज याच वाटेने, नव्या यंत्राबरोबर आयतीच, घरोघर पोचली. वापरणाऱ्याने निवड करण्यापूर्वीच करारांनी कौल दिलेला होता.

१९९१ मध्ये हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स जाहीर केली, तीही केवळ छंद म्हणून. दुसऱ्याच वर्षी अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी तिची रचना कालबाह्य ठरवली. त्यांची स्वतःची मिनिक्स ही प्रणाली १९८७ पासून विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी होती. आज चित्र काय आहे? जगातील ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालते. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सचाच. आणि मिनिक्स? इंटेलच्या चिपसंचात दडलेली व्यवस्थापन यंत्रणा तिच्यावर चालते, हे २०१७ मध्ये सर्वांसमोर आले. ती इतकी पसरली आहे, याची कल्पना खुद्द टॅनेनबॉम यांनाही नव्हती. विंडोज वापरणाऱ्या कित्येकांच्या यंत्रात, त्यांच्या नकळत, मिनिक्सही नांदत होती.

टेबलावरचे संगणक मोजले तर विंडोज पुढे, खिशातले मोजले तर लिनक्स. म्हणजे मुख्य प्रवाह ठरतो तो मोजणारा कोठे उभा आहे यावरून. साहित्यातही खपाचे आकडे, पाठ्यपुस्तके आणि पुरस्कार यांची मोजणी वेगवेगळे मुख्य प्रवाह दाखवते. एखाद्या लेखनाला ‘परिघावरचे’ म्हणण्यापूर्वी ही मोजणी कोणी आणि कोठून केली, एवढे तरी आपण विचारले पाहिजे.