पागा, पागनीस आणि मराठीची वाट

इंदूरच्या सुदामा नगरातून जुन्या शहराकडे निघाले की पागनीसपागा नावाची वस्ती लागते. आज तेथे ना घोडा आहे, ना दाणावैरण. तरीही हिंदी राज्याच्या मध्यभागी उभ्या असलेल्या या नावातील दोन्ही शब्द मराठी दप्तरातून आलेले आहेत. पागा म्हणजे सरकारी घोडी बांधण्याची जागा आणि त्या घोड्यांचे पथकही. पागेचा हिशेब लिहिणारा तो पागनीस. ‘पागा’चे मूळ फारसी ‘पायगाह’मध्ये आहे, तर ‘नीस’ हे लिहिणारा या अर्थाच्या ‘नवीस’चे मराठी रूप. फडणीस, चिटणीस, सबनीस ही त्याचीच भावंडे. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटातील विष्णुपंत पागनीसांमुळे हे आडनाव महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचले. मात्र त्यामागे एक घोडा उभा आहे, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

मानवी संस्कृतीला घोड्याने वेग दिला. काळ्या समुद्राच्या व कॅस्पियनच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून माणसाळलेला घोडा जगभर पसरला आणि त्याच्याबरोबर राज्ये, टपाल, व्यापार व भाषाही पसरल्या. संस्कृत ‘अश्व’, अवेस्तातील ‘अस्प’ आणि लॅटिन ‘एक्वस’ हे एकाच मुळाचे शब्द. आपला ‘घोडा’ मात्र ‘घोटक’ या दुसऱ्याच शब्दापासून प्राकृतातून उतरला, आणि आपल्या कानडी शेजाऱ्याची ‘कुदुरे’ आणखी वेगळ्या कुळातली. दख्खनमध्ये उत्तम घोडा बहुधा समुद्रमार्गे अरबस्तानातून येई. गोवा व भटकळ ही त्या व्यापाराची बंदरे होती. मराठ्यांचा भर मात्र डोंगरवाटांना सरावलेल्या काटक देशी तट्टांवर राहिला. भीमथडीच्या त्या तट्टांची आठवण २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या राजा बढे यांच्या गीतातही आहे.

या घोडदळाची रचना आपल्याला कळते ती कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतून. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. मराठी राज्याचे हे वर्णन पुण्यात वा साताऱ्यात लिहिले गेले नाही. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून ते तमिळ मुलुखातील जिंजीच्या किल्ल्यावर लिहिले गेले. आपल्या आद्य बखरींपैकी एक ‘सीमेपलीकडची’ आहे, हे आपण विसरता कामा नये.

लगाम, जीन, रिकीब, नाल, चाबूक, खोगीर, शिलेदार, बारगीर हे सारे शब्द फारसी वा अरबी वळणाचे आहेत. शिवछत्रपतींच्या काळी ‘राज्यव्यवहारकोशा’त फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, सैन्यासाठी त्यात स्वतंत्र ‘चतुरंगवर्ग’ आहे. कारभारातील पुष्कळ शब्द त्यामुळे बदलले, पण पागेतला मोतद्दार लगामाला लगामच म्हणत राहिला. शब्द टिकतो तो वापरणाऱ्याच्या हातात. म्हणूनच घोडा गेल्यावरही आपण भाषेला लगाम घालतो, कारभारावर मांड ठोकतो, हटवाद्याला अडेलतट्टू म्हणतो आणि निरर्थक भरण्याला खोगीरभरती. काम तडीस गेले की आपले घोडे गंगेत न्हाते आणि वेळ टळून गेल्यावर सुचलेले उपाय वरातीमागून येतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घोडा जेथवर पोहोचला तेथवर मराठी पोहोचली काय?

१७५८ साली मराठी फौजा लाहोरात होत्या. आज तेथे मराठी नाही. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या. तेथे ‘बारगीर’ हा शब्द ‘बर्गी’ होऊन राहिला, तोही मुलाला झोपवताना आई ज्याची धास्ती घालते अशा लुटारूचे नाव म्हणून. हे आपणही मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. केवळ टापांचा आवाज मागे ठेवून परतलेल्या फौजेने तेथे भाषा पेरली नाही, भय पेरले.

माळव्यात निराळे घडले. मल्हारराव होळकरांच्या फौजेमागून कारकून आले, नालबंद आले, पुजारी, वैद्य व व्यापारी आले. पागेला दाणावैरण लागते, तिचा हिशेब लागतो आणि हिशेबाला भाषा लागते. अहिल्याबाईंनी महेश्वराहून राज्य चालवले. १८१७ च्या महिदपूरच्या पराभवानंतर मंदसोरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला आली. लढाईचे दिवस संपले तरी माणसे तेथेच राहिली. त्यांच्या वंशजांच्या घरांत आजही मराठी बोलली जाते. पागेचा घोडा गेला, पण पागनीसाची भाषा राहिली.

सीमाभागाची गोष्ट तर त्याहून जुनी आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर, भालकी येथे मराठी घोड्यावर बसून आली नाही. ती तेथल्या मातीतच होती. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली मराठी अक्षरे शिवकालाच्या कित्येक शतके आधीची आहेत. म्हणून आपला हक्क आपण स्वाऱ्यांच्या इतिहासावर सांगू नये. तो नियम मानला तर लाहोरही मागावे लागेल आणि उद्या कोणीही जुनी स्वारी दाखवून आपल्या गावावर हक्क सांगेल. हक्क सांगायचा तो आज बोलणाऱ्या माणसांच्या बळावर, शाळेत मराठीतून शिकणाऱ्या मुलांच्या बळावर, घरात जपलेल्या मोडी कागदांच्या बळावर.

१ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी इंदूर नव्या मध्य प्रदेशात गेले आणि बेळगाव म्हैसूर राज्यात. त्या दिवशी नकाशावर रेघा ओढल्या गेल्या. पागनीसपागेचे नाव त्या रेघांनी पुसले नाही, कारण लोक ते रोज उच्चारतात. आपल्या गावातही एखादी पागा, एखादा राऊतवाडा, एखादे शिलेदारांचे घर असेल. त्याचे नाव, त्याची कथा, त्याचे कागद आजच लिहून ठेवा. ती नावे उच्चारणारी पिढी उठून गेल्यावर जागे होण्यात अर्थ नाही. ते वरातीमागून घोडे ठरेल.