परभणी जिल्ह्यातील वाहनपरीक्षा

दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून निपजलेली आणि गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या काठाकाठाने खोल साचलेली जी काळी माती परभणी जिल्ह्याच्या कापसाला आणि ज्वारीला कारण झाली, तीच येथील वाहनांच्या विपत्तीलाही कारण झाली आहे. चैत्र-वैशाखात हात शिरेल एवढ्या भेगा पडाव्या आणि मृगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या सरीला गाडीचे चाक आखापर्यंत रुतावे, अशा मुलखात वाहनाची निवड हा हौसेचा प्रांत राहत नाही. तो व्यवहाराचा, किंबहुना घराच्या अब्रूचा मामला होतो. जुनी डिझेलची छोटी मोटार विकत घेण्यासाठी परभणीचा किंवा जिंतूरचा एखादा गृहस्थ आज चार माणसे गोळा करून निघतो, तेव्हा तो जी चिकित्सा करतो तिची वंशावळ मोटारीच्या इतिहासाहून पुष्कळ जुनी असून ती थेट बैलबाजारापर्यंत नेऊन भिडवता येते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या भागात औताला लालकंधारी आणि देवणी या दोन जातींच्या बैलांचा मान मोठा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते, आणि देवदर्शनाइतकाच जनावरांचा बाजार हा तिच्या ख्यातीचा आधार. अशा बाजारात बैल घ्यायचा म्हणजे प्रथम त्याचे तोंड उघडायचे. अडीच वर्षांच्या आसपास पहिले दोन पक्के दात, मग चार, मग सहा, आणि पाचाच्या सुमारास आठही दात जुळले की जनावर भर उमेदीत आले असे समजायचे. त्यानंतरचे वय दातांच्या झिजेवरून ताडायचे, व तेथेच जाणत्याची आणि नवख्याची वाट वेगळी होते. दातांनंतर खांदा पाहायचा, जुवाने तो कोठे सुजला अगर सोलला आहे काय ते चाचपायचे, खुरे पाहायची, दहा पावले चालवून पाय टाकण्याची रीत न्याहाळायची, आणि शक्य झाल्यास औताला जुंपून तो बसका तर नाही ना याची खातरजमा करायची, कारण दिसायला देखणा परंतु ऐन तासात बसकण मारणारा बैल हा शेतकऱ्याच्या सात जन्मांचा वैरी. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आपल्या परीने कमी नसे. म्हाताऱ्या बैलाची शिंगे तासून, तेल लावून, हिंगूळ चढवून तो असा उभा करी की पाहणाऱ्याची नजर शिंगांवरच ठरावी. भाव तोंडाने बोलला जात नसे. उपरण्याच्या आड बोटे दाबून तो ठरे, इसाराची रक्कम हातावर पडे, आणि दिलेला शब्द मोडणे पंचक्रोशीत हलकेपणाचे मानले जाई.

परंतु या सर्व परीक्षांहून वरचढ अशी एक परीक्षा होती, आणि ती बाजारात होतच नसे. बैल कोणाच्या दावणीचा आहे, त्याला पेंड किती पडत होती, राबवणारा सालगडी दयाळू होता की पराणी टोचणारा, एवढे समजले म्हणजे जाणता माणूस दात न पाहताही किंमत सांगे.

या व्यवस्थेत यंत्रवाहन शिरले ते राज्ययंत्राच्या मागोमाग. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिलाबंदी करून निजामाच्या मुलखात जिल्हे, तालुके आणि त्यांवरचे तालुकदार यांची घडी बसवली, तेव्हा अव्वल तालुकदारापासून गिरदावरापर्यंत सर्व अंमलदारांची दौड घोड्यावर, मेण्यात किंवा बैलांच्या दमणीतच होत असे. १९०० साली हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेची मनमाडपर्यंतची मीटरमापी वाट पुरी झाली आणि सेलू, परभणी, पूर्णा ही गावे एकदम जगाच्या नकाशावर आली. तरी मानवत रोड नावाचे स्थानक मानवत गावापासून दूर राहिले आणि कापसाच्या गाड्यांची रांग तेथवर बैलांनीच ओढावी लागली. निजामाच्या रेल्वेखात्याने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या आणि १६६ नोकर एवढ्या सरंजामावर रस्तावाहतुकीचा विभाग काढला, ही हिंदुस्थानातील सरकारी बससेवेची एक अगदी आरंभीची घटना होय. मराठवाड्याच्या जनतेला मोटारीची ओळख झाली ती अशी दरबारी अंगाने. खाजगी मोटार ही त्या काळी जहागीरदार, नामांकित वकील किंवा सरकी-कापसाचा मातबर व्यापारी यांच्याच दारी शोभणारी चीज होती, आणि ती जुनी झाली तरी सामान्याने तिच्याकडे पाहावे असे काही नव्हते.

डिझेलचे मात्र तसे झाले नाही, आणि या इतिहासातील खरी रोचक गोष्ट हीच आहे. डिझेल या जिल्ह्यात मुख्यत्वे विहिरीच्या काठाने आले. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३३ मध्ये देशी बनावटीचे डिझेल इंजिन सिद्ध केले, १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी स्थापन झाली, आणि पुढील दोन-तीन दशकांत मोटेची जागा या इंजिनांनी घेतली. ज्या गावात विजेचा खांब पोचला नव्हता, त्या गावात पहाटे पहाटे हँडल मारून इंजिन चालू करणारा शेतकरी त्याच्या ठोक्यावरून नोझल कचरा धरतो आहे की पिस्टनची रिंग गेली आहे हे सांगू लागला. धुराच्या रंगाची परिभाषा त्याच्या तोंडी बसली. डिझेल इंजिन हे दणकट, अल्पसंतुष्ट आणि गावच्या मिस्त्रीला उघडता येण्यासारखे असते, ही श्रद्धा तेथे पक्की झाली. निजाम सरकारने १९१८ मध्ये परभणीस सुरू केलेले प्रयोगक्षेत्र आणि तेथेच १९७२ मध्ये स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ यांनी बियाण्यांचे व अवजारांचे ज्ञान दिले हे खरेच. पण डिझेलचे ज्ञान शेतकऱ्याने स्वतःच्या काळ्या झालेल्या हातांनी मिळवले.

परवान्यांच्या युगात डिझेलची मोटार म्हणजे ॲम्बॅसडर किंवा जीप, आणि या दोहोंनाही लहान कुटुंबाचे वाहन म्हणणे धाडसाचे होते. मग टाटांनी ३० डिसेंबर १९९८ रोजी इंडिका बाजारात आणली. पिंपरी-चिंचवडला घडणारी, मागे पूर्ण उघडणारा दरवाजा असलेली, १४०५ घन सेंटिमीटरच्या डिझेल इंजिनाची ही छोटी गाडी म्हणजे, टर्बो नाही, संगणक नाही, जवळजवळ विहिरीवरच्या इंजिनाची शहरात शिकलेली भाची होती. पहिल्या गाड्यांविषयी तक्रारी पुष्कळ झाल्या आणि २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू निघाली, तेव्हा लोकांचा राग निवळला. भाड्याच्या व्यवसायाने ती उचलली. आणि चार-पाच वर्षे प्रवासी वाहून थकलेल्या इंडिका खाजगी पासिंग करून जिल्ह्याच्या गावांत उतरू लागल्या. मराठवाड्यातील पुष्कळशा मध्यम शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या व ग्रामसेवकांच्या दारातली पहिली चारचाकी नवी नव्हती, पेट्रोलची नव्हती, आणि दोन-तीन हातांतून आलेली होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय येथील जुन्या गाड्यांचा व्यापार समजणार नाही.

दुसरे पर्व २००७ च्या जानेवारीत मारुतीच्या डिझेल स्विफ्टने उघडले. तिच्यातले १२४८ घन सेंटिमीटरचे इंजिन मूळचे फियाटचे. मारुतीसाठी ते मानेसरला बनू लागले, आणि पुण्याजवळ रांजणगावी तेच इंजिन पुंटोसाठी व इंडिका व्हिस्टासाठी तयार होऊ लागले. एकच इंजिन इतक्या नावांच्या गाड्यांत गेले की मिस्त्री मंडळींना सुट्या भागांची चिंता उरली नाही. त्यात सरकारी दरधोरणाची भर पडली. पेट्रोलचा दर जून २०१० मध्ये मोकळा झाला आणि डिझेलचा बांधलेलाच राहिला. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या पुढे गेले असता डिझेल ४१ रुपयांच्या आतच होते. एवढी तफावत असताना हिशेबी माणसाने दुसरे काय करावे?

आता परीक्षेकडे वळू. जुनी गाडी पाहायला जायचे ते सकाळी, आणि विकणाऱ्याला वेळ न कळवता. अंगणात पोचल्याबरोबर पहिला हात पडतो तो बॉनेटवर, कारण गरम बॉनेट म्हणजे मालकाने आधीच इंजिन चालवून त्याची सकाळची खोकल्याची उबळ लपवली, असा सरळ अर्थ घेतला जातो. थंड इंजिन एका झटक्यात लागले पाहिजे. धूर पांढरा येऊन रेंगाळला तर नोझल किंवा कॉम्प्रेशन, निळसर आला तर ऑइल जळते आहे, काळा भपका आला तर हवा अपुरी किंवा डिझेल जादा. विहिरीवरची जुनी बाराखडी येथे अक्षरशः कामास येते. मग मिस्त्री चालू इंजिनाची ऑइलची टोपी काढून नुसती तोंडावर ठेवतो. ती जागीच थरथरत राहिली तर ठीक. पण उडून पडली आणि भोकातून भसाभसा वाफारा येऊ लागला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असे समजून मंडळी चहा न घेताच उठतात.

शिंगे तासण्याची विद्याही नव्या रूपाने हजर असते. मीटर मागे फिरवलेले असते. तेव्हा सांगितलेले किलोमीटर आणि ब्रेकच्या पायटीवरच्या रबराची झीज, स्टिअरिंगचा गुळगुळीतपणा, चालकाच्या आसनाची बसलेली कड यांचा मेळ घालून पाहावा लागतो. पत्र्यावर पुटी भरून रंग दिला असेल तेथे लोहचुंबक धरत नाही. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या महापुरानंतर ‘बुडालेली गाडी’ हा एक स्वतंत्र धसका खरेदीदारांच्या मनात बसला, आणि आसनाचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे काय हे पाहण्याची युक्ती जाणती माणसे सांगू लागली. येथल्या मातीने यात स्वतःचे एक कलम घातले आहे. गाडीखाली वाकून पाहावे आणि शॉकअपच्या कोनाकोपऱ्यांत वाळून दगड झालेली काळी माती थराथराने दिसावी, म्हणजे ही गाडी पांदीने शेतात जात होती हे उघड झाले. मग बुश, लिंक रॉड आणि चाकांच्या बेअरिंगांचा खर्च किमतीतून वजा करायचा.

येथवर बैलबाजाराचे ज्ञान पुरे पडले. स्विफ्ट-व्हिस्टाच्या कॉमन रेल इंजिनापाशी मात्र ते अडखळले. हजार बारच्याही पुढच्या दाबाने सूक्ष्म थेंब फवारणारी ही यंत्रणा रॉकेलची भेसळ इंडिकासारखी पचवत नाही, तिचे इंजेक्टर ठोक्यावरून पुरते पारखता येत नाहीत, आणि टर्बोचा थकवा चढावर ओझे असतानाच जाणवतो. कानाचा तज्ज्ञ असलेल्या मिस्त्रीला या टप्प्यावर स्कॅनर जोडणाऱ्या पोराचे ऐकावे लागले. प्रस्तुत लेखकाला या पराभवात दुःख करण्यासारखे काही वाटत नाही. व्हिस्टातले क्वाड्राजेट नावाचे तेच फियाटचे इंजिन साखळीवर चालते आणि जुन्या इंडिकाचे पट्ट्यावर, व पट्टा वेळेवर न बदलल्यास व्हॉल्व्हांचा चुराडा होतो, हे सांगायला मात्र तो जुना मिस्त्रीच लागतो.

दावणीची परीक्षाही टिकली आहे. ‘डॉक्टरची गाडी’, ‘प्राध्यापकाची गाडी’, ‘एकाच हाताची गाडी’ हे शब्द किमतीत भर घालतात, आणि खाजगी पाटी लावलेली पण पूर्वी टॅक्सी परवान्यावर फिरलेली गाडी दस्तऐवजातून ओळखणे ही अर्धी लढाई समजली जाते. एमएच २२ हा परभणीचा क्रमांक असला की मालकाची चौकशी सोयऱ्या-धायऱ्यांतून एका दिवसात होते; परजिल्ह्याच्या क्रमांकाला ती सोय नाही. कर्जाचा बोजा आरसी पुस्तकावरून उतरला आहे काय, विमा व पीयूसी चालू आहेत काय, नमुना २९ व ३० वर सह्या झाल्या काय, हे पाहून मगच इसाराची रक्कम पुढे होते. १९८८ चा मोटार वाहन कायदा राज्यांतर्गत विक्रीची वर्दी देण्यास विकणाऱ्याला १४ दिवस आणि घेणाऱ्याला ३० दिवस देतो. तथापि कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन गाडी वर्षभर जुन्याच मालकाच्या नावावर फिरवण्याची वाईट चाल पडली आहे, आणि अपघात झाल्यावर समन्स भलत्याच घरी रुजू होते.

डिझेलचा दर ऑक्टोबर २०१४ मध्ये मोकळा झाल्यावर मूळ हिशेबच बदलला, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर मारुतीने डिझेल सोडलेच. टाटांची अल्ट्रॉझ सोडता छोटी डिझेल गाडी नव्याने मिळणे हळूहळू दुर्मिळ झाले. सबब आज जुन्या बाजारात आहे तोच साठा. कल्याण-निर्मळ महामार्गाने परभणीहून नांदेडला रोज जाणारा, किंवा जिंतूर-परभणी असा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा फेरा नित्य करणारा नोकरदार असेल तर त्याने डिझेल स्विफ्ट शोधावी, आणि शक्य तर २०१५ च्या पुढची. घर ते शाळा आणि शाळा ते शनिवारचा बाजार एवढीच धाव असणाऱ्याने मात्र डिझेलच्या नादी लागू नये, कारण थंड इंजिनाच्या तोकड्या फेऱ्यांनी ईजीआर, म्हणजे जळका धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काजळीने तुंबतो आणि वाचलेले पैसे गॅरेजात जातात. पंधरा वर्षे भरली की तपासणी, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर हे तिन्ही मागे लागतात. २००७ च्या पहिल्या स्विफ्ट त्या उंबरठ्यावरून २०२२ मध्येच गेल्या. २०२० च्या आरंभी नोंदलेल्या अखेरच्या गाड्यांची मुदत २०३५ मध्ये भरेल, आणि आता कमी हातांतून गेलेल्या अशा गाडीसाठी गिऱ्हाइके कागद पाहण्याआधीच इसार घेऊन उभी असतात.