अश्वशालेंतील 'आस्तार'

गेल्या पावसाळ्यांत, दोन तट्टें पाळणाऱ्या एका शेजाऱ्यानें मजला विचारिलें, "गुरुजी, ठाणावर खालीं काय घालावें? फळ्या, फरशी, कीं रबराची जाड चटई? खर्च थोडा व्हावा आणि वस्तु टिकावी." प्रश्न व्यवहाराचा, परंतु त्याचें उत्तर शोधतांना एका जुन्या शब्दाचा अर्थ नव्यानें पाहण्याचा प्रसंग आला. तो विचार संशोधकांपुढें ठेवितों.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील तिसावा अध्याय अश्वाध्यक्षासंबंधीं आहे. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें हा ग्रंथ प्रथम छापून प्रसिद्ध केला. त्यांत प्रत्येक घोड्यास स्वतंत्र ठाण सांगितलें आहे. तें घोड्याच्या लांबीइतकें चौरस, पूर्वेस किंवा उत्तरेस तोंड केलेलें, चाऱ्याच्या कोठ्यासह आणि मलमूत्र निघून जाण्याची सोय असलेलें असावें. व खालीं 'श्लक्ष्ण' फळ्यांचा 'आस्तार' असावा, असें विधान आहे.

झेनोफन या ग्रीक ग्रंथकाराचें मत ह्यास थेट विरोधी दिसतें. इ. स. पूर्वीच्या चौथ्या शतकांत अश्वारोहणावर लिहिलेल्या ग्रंथांत तो म्हणतो कीं, ओली आणि गुळगुळीत जमीन उत्तम खुरांचाही नाश करिते. यास्तव ठाणास उतार द्यावा आणि खुराएवढे दगड एकमेकांस लागून जमिनींत बसवावे. त्या काळीं ग्रीकांत नाल ठोकण्याची चाल नव्हती. खुराचा कठीणपणा हेंच घोड्याचें पायताण. इ. स. च्या पहिल्या शतकांतील रोमन कृषिलेखक कॉल्युमेला दोन मार्ग देतो : ओक वृक्षाच्या फळ्या घालाव्या, किंवा जमीन वरचेवर साफ करून तिजवर भूस पसरावें. पहिल्यांत पैका अधिक, दुसऱ्यांत नित्याचे श्रम अधिक.

मग कौटिल्याचें 'श्लक्ष्ण' चुकीचें समजावें काय? आमच्या मतें नाहीं. 'श्लक्ष्ण' म्हणजे येथें निसरडें नव्हे. रंधा मारून साफ केलेलें, कूस आणि गांठी नसलेलें, असा अर्थ घ्यावा. खडबडीत लाकडाच्या खळग्यांत मूत्र सांचतें व तेंच खूर कुजवितें. फळी घालणारा ग्रंथकार त्याच वाक्यांत मलमूत्राचा निकाल सांगतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे झेनोफनाशीं असलेला विरोध बराच मावळतो. एकाचे दगड आणि दुसऱ्याच्या फळ्या, दोहोंचा शत्रु एकच : ओल.

दुसरा शब्द 'आस्तार'. 'स्तृ' म्हणजे पसरणें या धातूस 'आ' उपसर्ग लागून तो सिद्ध होतो. त्याचाच सोदर 'आस्तरण' शब्द अमरकोशांत हत्तीच्या झुलीच्या नांवांत आला आहे. झूल अंथरावयाची व काढावयाची वस्तु. तेव्हां फळ्यांचा आस्तार हा गिलाव्यासारखा कायमचा बसविलेला नसून, उचलून खालची जमीन धुतां येईल आणि कुजलेली फळी तेवढी बदलतां येईल, असा असावा, हें अनुमान आम्हांस सयुक्तिक वाटतें. टिकाऊपणाचें मर्मही त्यांतच आहे. सगळी जमीन उखडण्यापेक्षां एक फळी बदलणें केव्हांही स्वस्त.

महाराष्ट्रांत पागेचा आधार बहुधा गवत. चारा तेंच आणि अंथरूणही तेंच. तें स्वस्त खरें, पण त्याचें भय शिवाजी महाराजांनीं चिपळूणच्या छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रांत स्पष्ट दिसतें. चूल, चिलीम, उंदरानें ओढून नेलेली जळती वात यांपैकीं कशानेंही गवत पेटेल आणि घोडीं मरतील, हा इशारा त्यांत आहे. वस्तूची किंमत करतांना तिच्यापासून होणाऱ्या हानीचाही हिशेब धरावा लागतो, हें त्या पत्रावरून शिकावें.

शेजाऱ्यास उत्तर दिलें तें इतकेंच : प्रथम उतार आणि मोरी, मग चटई; आणि ती उचलतां येईल अशी घ्यावी. रबराची चटई हा आजचा आस्तारच होय.

शेवटीं एक कबुली. तरुणपणीं एका घरच्या दप्तराची यादी करतांना शालिहोत्राचीं पानें मीं जपून बांधिलीं, आणि त्यांच्याच खालीं असलेलीं पागेच्या फळ्या, मुरूम व गवत यांच्या खर्चाचीं पानें निरुपयोगी म्हणून सोडून दिलीं. पुढें तीं रद्दींत गेलीं. घोड्याचे भोंवरे सांगणाऱ्या पोथ्या आजही पुष्कळ मिळतात. त्याच्या पायांखालीं काय होतें हें सांगणारा कागद मात्र मला पुन्हां मिळाला नाहीं. संग्राहकांनीं अशीं पानें टाकूं नयेत, एवढीच विनंति. इत्यलम्.