पावली : बारामती ते सराटी

गुडघे दुखू लागले म्हणून वयाच्या ६४व्या वर्षी मी पुण्यात ताई-ची शिकायला गेलो. पहाटे साडेसहाला बागेत वीस-बावीस माणसे जमायची, बहुतेक पिकल्या केसांची, आणि पाण्याखाली चालावे तशी सावकाश हात-पाय हलवायची. शिकवणाऱ्या बाई मराठीच होत्या. त्या सांगत, "सगळा भार डाव्या पायावर सोडा. उजवा रिकामा होऊ द्या. रिकामा झाल्याशिवाय उचलू नका." तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे ऐकताना मला एकदम आजोबा आठवले. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी, जेठात, तुकोबांची पालखी यायच्या आधी ते मला ओसरीवर पावली शिकवीत. गळ्यात टाळ, कमरेला उपरणे. "भार सोड, मग पाय उचल. न्हायतर टाळ चुकंल."

वर्ग संपला की बाई दहा मिनिटे सर्वांना खाली बसवीत आणि करुणेचे ध्यान घेत. ऊर्जा, करुणा आणि संघ हे तीन शब्द त्यांच्या बोलण्यात नेहमी येत. एकदा त्या सहज म्हणाल्या, "आपल्याकडे चालती साधना नव्हती. आपण आसन मांडून बसणारे लोक." त्या वेळी मी काही बोललो नाही. मग दोन वर्षे जमेल तसे वाचत राहिलो आणि तीन आषाढ बारामती ते सराटी या पट्ट्यात घालवले. त्यांना द्यायचे राहिलेले उत्तर असेच या लेखाकडे पाहावे.

आधी ताई-चीबद्दल थोडे. तिच्या नावातल्या 'ची'चा ऊर्जेशी संबंध नाही, हे कळल्यावर आमच्या वर्गातले अर्धे लोक नाराज झाले. प्राणासारख्या शक्तीला चिनी भाषेत 'छी' म्हणतात. 'ताई-ची'तला शब्द वेगळा आहे, त्याचा अर्थ टोक किंवा परमावधी. पूर्ण नावाच्या शेवटी 'मुष्टियुद्ध' असा शब्द येतो, म्हणजे मुळात ही युद्धकला. चीनच्या हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावाकडे तिचा उगम जातो. घराण्याची परंपरा तिचे श्रेय चेन वांगतिंग या सतराव्या शतकातल्या सैनिकाला देते. १६४४मध्ये मिंग राजवट कोसळली, हा गावी परतला, शेती करू लागला आणि अंगात मुरलेल्या लढाईच्या डावांना त्याने श्वासाच्या अभ्यासाची जोड दिली. हा काळ आपल्या तुकोबांच्या शतकाचा. पुढे एकोणिसाव्या शतकात यांग लुचान याने ही विद्या चेन गावातून पेकिंगला नेली. आज बागांतून दिसणारा २४ हालचालींचा सोपा क्रम तर १९५६ सालचा, चीन सरकारच्या क्रीडा विभागाने बसवलेला. हजारो वर्षांची गुप्त विद्या वगैरे जे सांगतात, ते फार ताणून धरू नये.

आता आपल्याकडे. ऊर्जेची साधना मराठीत शोधायला लांब जावे लागत नाही. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडला की पुरे. शके १२१२मध्ये, म्हणजे १२९०च्या सुमारास, नेवाशात सांगितलेल्या या ग्रंथात मूळबंध, जालंधरबंध, ओढियाणा हे सगळे आहे. कुंकवात न्हालेल्या नागाच्या पिलासारखी वेटोळे घालून निजलेली कुंडलिनी आहे, आणि ती जागी झाल्यावर शरीरातला एकेक धातू कसा ग्रासत जाते याचे अंगावर काटा आणणारे वर्णनही आहे. गीतेच्या मूळ श्लोकांत यातले काही नाही. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशा गुरुपरंपरेने आलेली नाथपंथाची ही पुंजी ज्ञानदेवांनी तिथे उघड केली. ज्ञानदेव तिला 'पंथराज' म्हणतात.

मग वारकऱ्यांनी तिचे काय केले? हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. ज्या संप्रदायाचा पायाच ज्ञानेश्वरी, तिथे कुंडलिनी जागवणारा माणूस शोधूनही सापडत नाही. आजोबांनी ज्ञानेश्वरीची कित्येक पारायणे केली. सहावा अध्याय ते इतर अध्यायांसारखाच वाचत आणि पुढे जात. उत्तराचा एक धागा ज्ञानेश्वरीतच आहे. बाराव्या अध्यायात योगाच्या आडवाटेने जाणाऱ्यांचे हाल सांगून ज्ञानदेव भक्तीची सोपी वाट दाखवतात, आणि हरिपाठात तर योग-यागाला भावाविना किंमत नाही असे स्पष्टच म्हणतात. म्हणून बहुतेक अभ्यासक संप्रदायाने योग सोडला असे लिहितात. मला हे अर्धेच पटते. योगातली बैठक सुटली, पण देहाला ताब्यात घेण्याचे काम सुटले नाही. ते पायांकडे आले आणि एकट्याचे न राहता दिंडीचे झाले.

पावली म्हणजे नाच नव्हे हे आधी सांगतो, कारण दूरदर्शनवर ती तशी दिसते. टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या असतात. मध्ये विणेकरी, तो बहुधा जागचा हलत नाही. एक पाऊल पुढे पडते, दुसरे त्याच्या टाचेशी येते, टेकताना गुडघा किंचित लवतो. मृदंगाने चाल बदलली की तेच मागे. रांग पुढे सरकली की समोरची मागे हटते. अभंगाचे चरण पुढे जातात तशी लय चढते, पावले उड्यांवर येतात, आणि मग मृदंगाच्या एका थापेवर सगळे थांबतात. डोळे मिटण्याची सोय नाही, मिटले तर शेजाऱ्याचा टाळ कपाळात बसतो. श्वासाबद्दल कोणी काही शिकवत नाही, कारण गाणाऱ्याला श्वास कुठे घ्यायचा हे चरणच सांगतो. दिवसाची बांधणीही अशीच. पहाटे काकडा आणि भूपाळ्या, वाटेने वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, दिवस कलताना हरिपाठ. कोणत्या वेळी काय म्हणायचे हे ठरलेले आहे, त्यात लहर चालत नाही.

ही शिस्त कुठून आली? देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घालून नेण्याची प्रथा त्यांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५मध्ये सुरू केली. आळंदीच्या ज्ञानदेवांच्या पादुकाही तेव्हा याच सोहळ्यात असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीचा सोहळा वेगळा काढला. सातारकडच्या आरफळचे हे गृहस्थ शिंद्यांच्या पदरी सरदार होते. ग्वाल्हेरहून परतताना सातपुड्यात भिल्लांनी धरून ठेवले आणि अखंड हरिपाठामुळे सुटका झाली, अशी त्यांची आख्यायिका आहे. ती बाजूला ठेवली तरी त्यांच्या हातचे काम डोळ्यांना दिसते. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक, कूच करण्याचे कर्णे, चोपदार, तळावरचे तंबू, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व. ही छावणीची रचना आहे. फरक इतकाच की या फौजेला कोणावर चालून जायचे नव्हते. आळंदीच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि सगळा तळ क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते, मग चोपदार तिच्याकडे जातो. तक्रार मांडण्याची याहून बरी रीत मी कुठल्या कचेरीत पाहिली नाही.

हनानमधला चेन आणि आरफळचे हैबतबाबा यांची एकमेकांशी काही ओळखदेख असण्याचे कारण नाही. दोघेही घरी परतलेले शिपाई, आणि दोघांनीही अंगात भिनलेली कवायत टाकून न देता तिला दुसऱ्या कामाला लावले, एवढे साम्य मला पुरेसे वाटते.

तुकोबांची पालखी उंडवडीहून बारामतीत येते तेव्हा ती करुणाकाव्याच्या गावात येते. शिवलीलामृत श्रीधरांनी १७१८मध्ये इथेच, कऱ्हेकाठी पुरे केले. मोरोपंत इथेच राहिले आणि १७९४मध्ये इथेच वारले. त्यांची 'केकावली' म्हणजे मेघाकडे पाहून मोराने टाहो फोडावा तशी देवाकडे केलेली विनवणी. इथे भाषेतली एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बाईंच्या ध्यानातली करुणा माणसाने इतरांना द्यायची असते. मराठी माणूस मात्र करुणा 'भाकतो'. रामदासांची करुणाष्टके घ्या की पंतांची केकावली, आपल्याकडे करुणा ही मागायची वस्तू, देणारा वर. माणसाने माणसाला द्यायचे त्याला आपण सेवा म्हणतो, आणि तिला ध्यानाचे नव्हे तर हातांचे काम लागते.

ते काम पाहायचे तर बारामती सोडल्यावर काटेवाडीला थांबावे. तिथे परीट समाजाची माणसे पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात. मग धनगर आपल्या मेंढ्या रथाभोवती पळवतात. शेकडो मेंढ्यांचा तो लोट, धुरळा, लोकरीचा वास. मेंढरांवरची रोगराई टळते अशी त्यांची श्रद्धा. विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा देव, हे रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'मध्ये सविस्तर मांडले आहे. काटेवाडीला उभे राहिले की तो ग्रंथ डोळ्यांसमोर पळताना दिसतो. पुढे सणसरचा मुक्काम, मग बेलवाडीचे गोल रिंगण. आधी पताकावाले धावतात, मग तुळशीवाल्या आणि हंडेवाल्या बाया, विणेकरी, पखवाजी, आणि शेवटी अश्व. त्यातल्या एकावर स्वार असतो, दुसरा मोकळा, तो देवाचा. अश्व गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे वाकतात. संध्याकाळी तळावर वेगळे दृश्य. गावातली पोरे अनोळखी म्हाताऱ्यांच्या पोटऱ्या तेलाने चोळत बसलेली, कोणी फोडांवर पट्ट्या बांधतोय, न्हावी फुकट दाढ्या करतायत.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण इरावती कर्व्यांनी 'परिपूर्ती'तल्या 'वाटचाल'मध्ये आळंदीच्या पालखीबरोबर केलेला प्रवास सांगितला आहे, तो मला गोड लिहू देत नाही. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवत, आणि दिवसभर एका तोंडाने अभंग म्हणणाऱ्यांची ही फाळणी त्यांना रोज खुपत होती. आणि ही झाली वाटेवरची गोष्ट. पंढरपूरच्या देवळाचे दार दलितांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७पासून दहा दिवस उपोषण करावे लागले. त्यासाठी मठ दिला तो तनपुरे महाराजांनी, म्हणजे एका वारकऱ्याने. आणि विरोध करणारेही स्वतःला भक्तच म्हणवीत होते.

आमच्या घरीही दोन पंगती होत्या. दुपारच्या विसाव्याला एक दिंडी आमच्याकडे जेवायची. सोप्यात एक पंगत, आणि गोठ्याच्या अंगाला दुसरी. दुसऱ्या पंगतीला पत्रावळी लांबून टाकायच्या आणि पाणी वरून ओतायचे. मी ते काम केले आहे. ज्या आजोबांनी मला भार सोडायला शिकवले, त्यांनीच पाणी किती उंचावरून ओतायचे तेही दाखवले. १९७३च्या आषाढात, दुष्काळ मागे लागलेला असताना, आजी पहिल्यांदा सगळ्यांना एकाच ओळीत बसवून वाढू लागली. ती तेव्हा रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जात होती, आणि तिच्या ढिगाशेजारी बसणारी सखू त्या दिवशी दुसऱ्या पंगतीत बसणार होती. आजोबा काही बोलले नाहीत. त्या वर्षी पाऊस झाला. पुढच्या आषाढात पंगती पुन्हा दोन झाल्या.

पुढे त्या कधी मोडल्या हे मला तारखेनिशी सांगता येत नाही. आजोबा गेले, आजी गेली, स्वयंपाकाला आचारी आले, वाढायला हायस्कूलची पोरे. कोणाला कुठे बसवायचे हे त्या पोरांना माहीतच नव्हते.

तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंनी जातिभेद खोडून काढणाऱ्या 'वज्रसूची'च्या आधाराने अभंग रचले होते. हा ग्रंथ बौद्ध कवी अश्वघोषाच्या नावावर सांगितला जातो. म्हणजे बाईंच्या ध्यानातली ती बौद्ध करुणा सतराव्या शतकातच आपल्या संप्रदायाच्या दारात आली होती. आजोबांच्या पारायणांत बहिणाबाई नव्हत्या. असत्या तर काही बदलले असते का, हे सांगणे कठीण.

२०२०मध्ये टाळेबंदीमुळे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. बेलवाडीला रिंगण नाही, काटेवाडीला मेंढ्या नाहीत. त्याच डिसेंबरात युनेस्कोने ताई-चीला मानवी वारशाच्या यादीत घेतले. बाईंनी आनंदाने निरोप पाठवला. मी अभिनंदन कळवले आणि पहिल्यांदाच त्यांना पावलीबद्दल लिहिले, पंगतीबद्दलही. दोन वर्षांनी वारी पुन्हा पायी निघाली तेव्हा त्या इंदापूरला आल्या. रिंगण त्यांनी पाहिले, पण जास्त वेळ त्या एका दिंडीच्या मागे उभ्या राहून टाळकऱ्यांचे पाय बघत होत्या. मग म्हणाल्या, "हे लोक गुडघा आमच्यापेक्षा कमी वाकवतात. वीस दिवस टिकायचं म्हणून असेल."

पालखी इंदापुराहून सराटीला मुक्कामी जाते. सकाळी पादुकांना नीरेचे स्नान होते आणि पूल ओलांडून सोहळा अकलूजकडे, सोलापूर जिल्ह्यात शिरतो. मी तिथून परत फिरतो. आता निमगाव केतकी ते इंदापूर एवढाच टप्पा चालतो, आजोबांचेच टाळ घेऊन. डॉक्टरांना सांगितलेले नाही.